काळोख किती बिटांचा? ‘महल’ (१९४९) आणि घरच्या पडद्यावरचे भुताचे घर

या टिपणासाठी इमेज कॉम्प्रेशनची तोंडओळख असेल तर उत्तम; नसेल तरी अडणार नाही. भागाकार आणि घातांक येत असले की पुरे. बाकीचे आपण वाटेत पाहू. एक सूचना मात्र आधीच देतो. ‘महल’ पाहिलेला नसेल आणि पाहायचा असेल, तर आधी पाहून या. पुढे त्याचा शेवट सांगितला आहे. तो न सांगता मुद्दा मांडता येत नाही.

सुरुवात एका तक्रारीपासून करू. मी कुंभकोणमला इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शिकवतो. सहाव्या सत्रात कॉम्प्रेशनचा भाग आला की बहुतेक पुस्तकांत तीच ती नमुना चित्रे असतात: पिसांची टोपी घातलेली बाई, भाज्यांचा ढीग, कॅमेरा घेऊन उभा माणूस. सगळी भर उजेडातली. एका वर्षी मी ठरवले की यंदा अंधार दाखवायचा. घरी ‘महल’ची एक जुनी व्हीसीडी होती, त्यातली दहा मिनिटे प्रयोगशाळेत लावली. पडद्यावर नायक ओसाड हवेलीत फिरत होता, कुठून तरी बाईचा आवाज येत होता, आणि मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, भूत कुठे आहे? मला नुसते काळे चौकोन दिसतायत.”

वर्ग हसला. पण पोराचे म्हणणे शब्दशः खरे होते. जिथे सावली हवी तिथे ८×८ चे ठोकळे हलत होते. आणखी वाईट म्हणजे हाच चित्रपट मी लहानपणी साताऱ्याकडच्या आमच्या गावी गणेशोत्सवात पाहिला होता. मंडळाने भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि टीव्ही ओसरीवर ठेवला होता. त्या रात्री मला अंगणाच्या कडेला असलेल्या न्हाणीघरापर्यंतसुद्धा एकट्याने जाववले नव्हते. तोच चित्रपट, आणि इथे वीस वर्षांची मुले हसतायत. मधल्या मधे भूत गेले कुठे? या टिपणात त्याचा हिशेब करायचा आहे.

चित्रपटात अंधार कशासाठी आहे

‘महल’ बॉम्बे टॉकीजचा. ही कंपनी हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मुंबईत मालाडला उभी केली. ‘महल’पर्यंत राय हयात नव्हते आणि स्टुडिओची भरभराटही ओसरली होती. दिग्दर्शक कमाल अमरोही. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. अशोक कुमार नायक, मधुबाला नायिका, संगीत खेमचंद प्रकाश यांचे, संकलन बिमल रॉय यांचे. कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन माणसाचा. म्युनिकचा हा छायालेखक १९२५ च्या ‘प्रेम संन्यास’च्या निमित्ताने पहिल्यांदा भारतात आला, पुढे बॉम्बे टॉकीजमध्ये रुजू झाला, दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून स्थानबद्ध राहिला, सुटल्यावर परत कॅमेऱ्यामागे उभा राहिला. १९२० च्या दशकातल्या जर्मन चित्रपटांनी सावलीला पात्रासारखे वागवले होते. तो संस्कार हा माणूस मालाडला घेऊन आला.

कथा थोडक्यात अशी. अलाहाबादजवळ नदीकाठी एक सोडून दिलेली हवेली आहे. नवा मालक हरिशंकर तिथे येतो. बागेचा म्हातारा माळी त्याला चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. हवेली बांधणारा आणि त्याची कामिनी, दोघांचाही अकाली मृत्यू झाला. भिंतीवरची तसबीर पाहिली तर चेहरा हुबेहूब हरिशंकरचा. मग रात्री गाणे ऐकू येते, झुल्यावर बाई दिसते, जवळ गेले की नाहीशी होते. तो गुंतत जातो. त्याचे लग्न लावून दिले जाते, ते लग्न उद्ध्वस्त होते, पत्नी आत्महत्या करते, आळ त्याच्यावर येतो. आणि न्यायालयात उलगडते की कामिनी नावाचे भूत नव्हतेच. ती माळ्याची मुलगी आशा होती.

आता इंजिनिअरच्या नजरेने पाहा. शेवट खरा वाटायचा असेल तर आधीच्या दृश्यांत दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. बाई दिसली पाहिजे, कारण ती हाडामांसाची आहे. आणि ती पुरती दिसता कामा नये, कारण प्रेक्षकाने तिला भूत समजायचे आहे. म्हणजे तिला ‘दिसते’ आणि ‘दिसत नाही’ यांच्या मधल्या पट्टीत ठेवायचे. ही पट्टी फार अरुंद असते. विर्शिंगचे सगळे काम त्या पट्टीत आहे. ती पट्टीच कापून टाकली तर दोनपैकी एक होते: बाई स्पष्ट दिसते आणि रहस्य पहिल्या अर्ध्या तासात संपते, किंवा काहीच दिसत नाही आणि चित्रपट नुसता कंटाळवाणा होतो. वर्गात झाले ते दुसरे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. रॉबर्ट वाइज यांच्या ‘द हॉन्टिंग’ (१९६३) मध्ये भूत एकदाही दाखवलेले नाही. भिंती, दारे आणि आवाज एवढ्यावर घर झपाटलेले आहे. तो चित्रपट रुंद पडद्याचा, रुंदी उंचीच्या २.३५ पट. व्हीएचएसच्या काळात असे चित्रपट १.३३ च्या टीव्हीत बसवताना दोन्ही बाजू कापत. १.३३ भागिले २.३५ करा: चित्राचा ५७ टक्के भाग उरतो. ज्या चित्रपटात भीती चौकटीच्या कडेला उभी आहे, त्याच्या कडाच गायब.

‘महल’ची चौकट १.३७ ची, म्हणजे जुन्या टीव्हीला जवळजवळ तंतोतंत. त्यामुळे व्हीसीआरवर तो या संकटातून वाचला. आता उलटे झाले आहे. घरोघरी १६:९ चे टीव्ही आहेत, आणि कडेच्या काळ्या पट्ट्या कुणाला सहन होत नाहीत. कुणी चित्र ताणतो, त्याने मधुबाला आडवी होते. कुणी वर-खाली कापतो. कापले तर १.३७ भागिले १.७८, म्हणजे उंचीचा ७७ टक्के भाग राहतो. उंच छतांच्या हवेलीचे छत जाते. काळ्या पट्ट्या ठेवून पाहावे, असे माझे मत आहे आणि घरात या मुद्द्यावर माझा नेहमी पराभव होतो.

फिल्म ते फीत

फिल्मवरचा अंधार हा चांदीचा थर असतो. चांगल्या पॉझिटिव्ह प्रिंटमध्ये सर्वांत काळ्या आणि सर्वांत पांढऱ्या भागातून जाणाऱ्या प्रकाशाचे गुणोत्तर एक हजाराच्या घरात, कधी त्याहून जास्त असते. मूळ निगेटिव्ह एकच. त्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, त्यावरून चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रिंट. प्रत्येक पिढीत बारकावे थोडे घटतात आणि कॉन्ट्रास्ट वाढत जातो. सावलीतले दोन जवळचे काळे रंग आधी एकमेकांत मिसळतात.

व्हिडिओसाठी फिल्म ज्या यंत्रातून जाते त्याला टेलिसिने म्हणतात. यासाठी मास्टर पॉझिटिव्ह किंवा मुद्दाम कमी कॉन्ट्रास्टची काढलेली प्रिंट वापरावी, असा दंडक आहे. चित्रपटगृहाची प्रिंट ही लख्ख दिव्यासाठी आणि अंधाऱ्या सभागृहासाठी बनवलेली असते; ती टेलिसिनेत घातली की सावल्या डांबरासारख्या होतात. आपल्याकडच्या कित्येक जुन्या चित्रपटांच्या व्हिडिओ प्रती अशाच फिरून झिजलेल्या प्रिंटवरून झाल्या. ओळखायचे कसे? रीळ संपत आले की उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका चमकतो. तो प्रोजेक्टर चालवणाऱ्याला दुसरे यंत्र सुरू करण्याची खूण असतो. तो ठिपका वारंवार दिसला तर तुमची प्रत बहुधा वापरातल्या प्रिंटवरून निघाली आहे.

मग व्हीएचएस. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आले, आणि गल्लीबोळात व्हिडिओ लायब्ररी निघाल्या. व्हीएचएसवर उजेड-अंधाराच्या सिग्नलला साधारण ३ मेगाहर्ट्झ एवढीच बँडविड्थ मिळते, म्हणजे आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषा. शिवाय गावोगावच्या फिती या प्रतीच्या प्रतीच्या प्रती. तरीही त्या रात्री मी घाबरलो, त्याला तांत्रिक कारण आहे. व्हीएचएसचा दोष ॲनालॉग आहे. अंधारात मुंग्या येतात, पण त्या मुंग्यांच्या खाली मंद सिग्नल शिल्लक असतो. गोंगाटात बुडालेली आकृती डोळा आणि मेंदू मिळून शोधून काढतात. सलग चौकटींची सरासरी आपण नकळत घेतो. किंबहुना त्या मुंग्यांमुळे ती जास्तच भुतासारखी वाटते. डिजिटलमध्ये मात्र एका मर्यादेखालचा सिग्नल शून्य होतो, आणि शून्याची सरासरी कितीही वेळा घेतली तरी शून्यच येते.

व्हीसीडीचा जमाखर्च

व्हीसीडीवर चित्र ३५२×२८८ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चौकटी, एमपेग-१ पद्धतीने, ११५० किलोबिट प्रति सेकंद. चौकटीत ठिपके १,०१,३७६. प्रत्येक चौकटीला सरासरी ११५० ÷ २५ = ४६ किलोबिट. म्हणजे ठिपक्यामागे ०.४५ बिट. कच्चे चित्र ठिपक्यामागे १२ बिट घेते. सव्वीस पट दाबले आहे. १६५ मिनिटांचा ‘महल’ ७४ मिनिटांच्या तबकडीवर मावत नाही, तीन तबकड्या लागतात.

डीव्हीडीवर ७२०×५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. एका थराच्या तबकडीत ४.७ अब्ज बाइट. सगळी जागा १६५ मिनिटांना (९,९०० सेकंद) दिली तर सेकंदाला ३.८ मेगाबिट, आवाजाचे ०.२ वजा केले की ३.६. चौकटीमागे १४४ किलोबिट, ठिपक्यामागे ०.३५ बिट. ठिपक्यामागचे बिट व्हीसीडीपेक्षा कमी असले तरी एमपेग-२ अधिक कसबी आहे आणि ठिपके चौपट आहेत, म्हणून चित्र खूप चांगले दिसते.

आता खरी गंमत. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या आणि भाड्याने आणण्याऐवजी विकत घेणे परवडू लागले. याच काळात बाजारात ‘तीन चित्रपट एका डीव्हीडीत’ अशा तबकड्या ठिकठिकाणच्या कंपन्यांनी आणल्या. आमच्या इथे महामहम तलावाजवळच्या फुटपाथवर अशा तबकड्यांचे ढीग असत. समजा १६५ मिनिटांचे तीन चित्रपट एका थरात कोंबले. सेकंदाला १.२७ मेगाबिट, आवाज वजा जाता सुमारे १.०७. चौकटीमागे जवळपास ४३ किलोबिट. व्हीसीडीला किती होते? ४६. म्हणजे चौपट ठिपक्यांच्या चित्राला व्हीसीडीपेक्षाही कमी बिट. वेष्टनावर ‘डिजिटल क्वालिटी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते, आणि ते खोटे म्हणता येत नाही. डिजिटल तर आहेच.

पण सरासरीने सगळे समजत नाही. दिवसाच्या दृश्यात हेच ४६ किलोबिट चालून जातात. अंधारातच का मरतात? इथे जरा सावकाश वाचा.

दोन पातळ्यांची किंमत

व्हिडिओत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. मधल्या २१९ पायऱ्या. पण पायरी आणि प्रकाश यांचे नाते सरळ नाही. पडद्यावरचा प्रकाश हा पायरीच्या साधारण २.४ व्या घाताच्या प्रमाणात असतो. ही गॅमा. डोळाही फरक बेरजेने नव्हे तर गुणोत्तराने ओळखतो, म्हणून ही सोय बरी. तरी तळाशी पायऱ्या कमी पडतात. पांढऱ्याच्या एक शतांश प्रकाशाखाली सगळ्या मिळून ३२ पायऱ्या आहेत, आणि एक सहस्रांशाखाली फक्त १२. हवेलीचा सगळा मुक्काम या ३२ पायऱ्यांवर.

आता एक ८×८ चा ठोकळा घ्या. त्याची सरासरी ३०, म्हणजे काळ्याच्या वर १४. त्यात पडद्याच्या चुणीसारखा आडवा चढ-उतार आहे, दोन पायऱ्या वर आणि दोन खाली. सर्वांत काळा भाग काळ्याच्या वर १२, सर्वांत उजळ १६. प्रकाशाचे गुणोत्तर (१६ ÷ १२) चा २.४ वा घात. उत्तर येते १.९९. म्हणजे उजळ भाग काळ्या भागाच्या दुप्पट तेजस्वी आहे. अंधाऱ्या खोलीत हे सहज दिसते. दिसावे म्हणूनच दिवा लावला होता.

हाच ±२ चा चढ-उतार उजेडातल्या ठोकळ्यात, सरासरी २०० धरून, म्हणजे काळ्याच्या वर १८४. (१८६ ÷ १८२) चा २.४ वा घात येतो १.०५. पाच टक्के फरक. पांढऱ्या भिंतीवरचा हलका डाग. गेला तरी कुणी विचारणार नाही.

एमपेगला मात्र हे दोन्ही ठोकळे सारखेच. तो ठोकळ्याचे डीसीटी काढतो. सरासरी वेगळी ठेवतो. चढ-उतार समजा तिसऱ्या आडव्या वारंवारितेत बसतो. त्याचा गुणांक ५.६६ × २, म्हणजे सुमारे ११.३ होतो. मग त्याला क्वांटायझेशनच्या पायरीने भागून जवळच्या पूर्णांकाला नेतो. एमपेग-१ च्या ठरीव कोष्टकात या जागी २२ आहे; बिट वाचवण्यासाठी क्वांटायझर मापक १० ठेवला तर पायरी २२ × १० ÷ ८ = २७.५. भागाकार ११.३ ÷ २७.५ = ०.४१. जवळचा पूर्णांक शून्य.

चूण गेली. तिच्याबरोबर चुणीमागे उभे असलेले जे काही असेल तेही गेले. उरला सरासरीचा सपाट ठोकळा. शेजारच्या ठोकळ्याची सरासरी एका पायरीने वेगळी असेल तर दोहोंच्या मधे सरळ कड दिसते. मागच्या बाकावरचे काळे चौकोन ते हेच.

म्हणजे दोष विर्शिंगचा नाही, मधुबालाचा नाही, आणि माझ्या प्रोजेक्टरचाही नाही (असे मी वर्गात ठासून सांगितले, प्रोजेक्टरचा थोडा होता, त्याकडे आता येतो). नियमच असा केला आहे की उजेडातला पाच टक्के फरक आणि अंधारातला दुप्पट फरक एकाच मापाने फेकला जातो. नंतरच्या एनकोडरांत अंधाऱ्या ठोकळ्यांना मुद्दाम जास्त बिट देण्याची सोय आली. पण ती करायला दृश्य पाहून निर्णय घेणारा माणूस किंवा चांगला प्रोग्रॅम लागतो. एका दिवसात ढीगभर चित्रपट तबकडीवर चढवणाऱ्या कारखान्यात तो वेळ कुणाला?

फिल्मची कणीदार पोत हाही बिट खाणारा पाहुणा आहे. कण प्रत्येक चौकटीत बदलतात, त्यामुळे मागच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधता येत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे एनकोड करण्यापूर्वी कण पुसून टाकणे. बऱ्याच ‘रिस्टोर्ड’ प्रतींत हे केलेले असते. चेहरे मेणाचे होतात आणि सावल्यांतली मंद माहिती, जी त्या कणांतच होती, साफ होते. मला कण असलेले चित्र आवडते. धुऊन पुसून ठेवलेल्या हवेलीत भूत राहत नाही.

ट्यूबलाइट

प्रोजेक्टरचा, खरे तर खोलीचा, दोष असा. घरच्या टीव्हीचा पांढरा २०० कॅन्डेला प्रति चौरस मीटर धरा. वरच्या ठोकळ्यातला काळा भाग ०.१९ आणि उजळ भाग ०.३७ येतो. दुप्पट. आता खोलीत ट्यूबलाइट लावा. पडद्यावरून परत येणारा प्रकाश ५ धरू. तो दोहोंत मिळवा: ५.१९ आणि ५.३७. फरक साडेतीन टक्के. म्हणजे उत्तमातली उत्तम ब्लू-रे आणली, १९२०×१०८० चे वीस लाख ठिपके आणले, तरी भिंतीवरचे एक बटण हवेलीतली बाई पुसून टाकते. गावच्या ओसरीवर लाइट बंद होते. प्रयोगशाळेत खिडक्यांना पडदे नव्हते आणि कुंभकोणमचे दुपारचे ऊन आत येत होते.

माझ्या घरमालकीण मामींना हे सांगितले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्या श्रीधर यांचा ‘नेंजम मरप्पदिल्लै’ (१९६३) हा तमिळ चित्रपट तरुणपणी टॉकीजमध्ये पाहून आल्या होत्या. त्यातही पुनर्जन्म आहे, जुना वाडा आहे, ओळखीचा वाटणारा गतजन्म आहे. पुढे तो त्यांनी टीव्हीवर पाहिला. “टीव्हीवर सगळे दिसत होते रे, पण भीती वाटली नाही. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता,” असे त्या म्हणाल्या. इतके साफ उत्तर माझ्या परीक्षेत क्वचित मिळते.

‘महल’चा संकलक बिमल रॉय यांनी पुढे ‘मधुमती’ (१९५८) केला, तिथेही पाऊस, हवेली आणि परतून आलेली बाई आहे. ही परंपरा मोठी आहे. ‘मधुमती’, ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४), आणि त्याचा तमिळ अवतार ‘यार नी’ (१९६६). यांतले बहुतेक आपल्या पिढीने टीव्हीवरच पाहिले आहेत, उजेडात बसून.

आवाज

‘महल’मधले भुताचे गाणे लता मंगेशकरांचे. पहिल्या तबकड्यांवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे, म्हणजे पात्राचे नाव, छापले गेले होते. आवाज दुरून जवळ येतो असे वाटावे म्हणून लताबाईंनी मायक्रोफोनपासून लांब उभे राहून सुरुवात केली आणि गात गात जवळ आल्या, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. माणूस मायक्रोफोनपासून दूर असला की थेट आवाज क्षीण होतो पण खोलीचा प्रतिध्वनी तेवढाच राहतो. त्या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ओळखतो. एकही यंत्र न वापरता केलेली ही ध्वनिरचना आहे.

घरच्या प्रतींत हिच्यावर दोन संकटे येतात. एक, जुन्या ध्वनिपट्टीची खरखर काढताना दूरचा प्रतिध्वनीही खरखर समजून काढला जातो, आणि बाई थेट कानाशी येऊन बसते. नव्वदच्या दशकातल्या ‘झंकार बीट्स’ कॅसेटींनी तर जुन्या गाण्यांवर ढोलक चढवले. त्याबद्दल न बोललेले बरे. दुसरे संकट गणिताचे आहे. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते आणि पाल व्हिडिओ २५ ने. सोपा मार्ग म्हणजे फिल्मच जरा वेगाने चालवायची. १६५ मिनिटांचा चित्रपट १५८.४ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी २५/२४ पटीने चढते, म्हणजे अर्ध्या स्वरापेक्षा थोडी कमी, एका पट्टीच्या सात दशांश. अशा प्रतीबरोबर पेटी वाजवायला बसलात तर गाणे दोन पट्ट्यांच्या मधे सापडेल. वेष्टनावर एनटीएससी लिहिले असेल तर सहसा हा दोष नसतो. तिथे चौकटींची पुनरावृत्ती करून वेळ जुळवतात.

चांगली प्रत का मिळत नाही

विद्यार्थी विचारतात, आता तर स्कॅनर आहेत, ४के आहे, मग नव्याने का करत नाहीत? करता येईल, पण स्कॅन करायला काहीतरी शिल्लक पाहिजे. १९४९ मध्ये नायट्रेट फिल्म सर्रास वापरात होती. ती जळताना स्वतःच ऑक्सिजन तयार करते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले, तोवर मूकपटांतले आणि सुरुवातीच्या बोलपटांतले बरेच नाहीसे झाले होते. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरली नाही. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे जमवली. त्यांतलीही बरीच जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट कोठाराला लागलेल्या आगीत गेली. नायट्रेटनंतरची ॲसिटेट फिल्म सहज पेट घेत नाही, पण दमट उष्ण हवेत आंबते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. मुंबईची हवा घ्या किंवा कावेरीकाठची, आपली हवा तिला मानवत नाही.

कायद्याने अडचण आहे का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम २६ प्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आधी ही मुदत ५० होती, १९९२ च्या दुरुस्तीने ६० झाली. या नियमाने १९४९ च्या चित्रपटाची मुदत २००९ च्या अखेरीस भरते. गीते आणि संगीत यांचे हक्क निराळे, ते कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात. पण चित्रपट कायद्याने मोकळा झाला म्हणून त्याची निगेटिव्ह किंवा मास्टर पॉझिटिव्ह तुमच्या हाती येत नाही. ती ज्याच्या कपाटात आहे त्याच्याच कपाटात राहते. मोकळी होते ती फुटपाथवरची व्हीसीडी, आणि तिच्यावरूनच नेटवर पुन्हा पुन्हा प्रती चढत राहतात. ३५२×२८८ ची प्रत ताणून ‘एचडी’ म्हणून चढवली तरी शून्य झालेला गुणांक परत येत नाही.

करून पाहा

रात्री एका खोलीत एकच मेणबत्ती किंवा पणती लावा (कुंभकोणमला असाल तर पितळी समई घरात असेलच). मित्राला दिव्यापासून लांब, पडद्याच्या चुणीजवळ उभे करा, इतके लांब की तो डोळ्यांना जेमतेम दिसेल. मोबाइल टेकवून एक मिनिट चित्रण करा. एक्सपोजर हाताने ठरवा, नाहीतर मोबाइल उजेड वाढवून घेईल आणि प्रयोग फसेल. मग एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने त्याच चित्रणाच्या तीन प्रती करा: व्हीसीडीच्या मापाची, ७२०×५७६ आणि ३.६ मेगाबिटची, आणि ७२०×५७६ पण १.०७ मेगाबिटची. तिन्ही प्रती दिवा बंद करून आणि दिवा लावून पाहा. एकूण सहा वेळा. मित्र कोणत्या प्रतीत आहे आणि कोणत्या प्रतीत नाही, हे ज्याने मूळ खोली पाहिलेली नाही अशा माणसाला विचारा आणि लिहून ठेवा. नंतर मित्राच्या चेहऱ्यावरचा एक ८×८ ठोकळा मूळ चित्रणातून काढून त्याचे डीसीटी हाताने करा, आणि कोणत्या मापकाला तो नाहीसा होतो ते शोधा.

आमच्या वर्गात हा प्रयोग मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने केला. तिसऱ्या प्रतीत त्याचा खोलीतला सोबती पूर्ण गेला होता, फक्त मनगटावरच्या घड्याळाची काच अधूनमधून चमकत होती. त्याने ते चित्रण वसतिगृहात रात्री दिवे बंद करून सगळ्यांना दाखवले. या वेळी कुणी हसले नाही, असे तो सांगत होता.